खासदाराचे प्रगतिपुस्तक: काय मोजले जाते, काय निसटते

२१ डिसेंबर २०१७ रोजी राज्यसभेत सचिन तेंडुलकर बोलायला उभे राहिले. राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य म्हणून त्यांना पाच वर्षे होऊन गेली होती. खेळण्याचा हक्क हा विषय होता आणि सभागृहातले ते त्यांचे पहिलेच भाषण ठरणार होते. पण त्याच वेळी वेगळ्या विषयावरून विरोधकांच्या घोषणा चालू होत्या. सभापती सदस्यांना शांत राहायला सांगत होते, तेंडुलकर काही मिनिटे तसेच उभे राहिले आणि कामकाज तहकूब झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच भाषण फेसबुकवर टाकले. देशभर ते पाहिले गेले, पण संसदेच्या नोंदीत चर्चेतील सहभागाचा रकाना शून्यच राहिला.

याची दुसरी बाजूही नोंदलेलीच आहे. सहा वर्षांच्या मुदतीत त्यांची हजेरी जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास होती आणि प्रश्न २२. याच हजेरीवरून २०१४ मध्ये खुद्द राज्यसभेत विचारणा झाली होती. मुदत संपताना त्यांनी वेतन आणि भत्त्यांची सुमारे ९० लाखांची रक्कम पंतप्रधान मदतनिधीला दिली आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले डोंजा हे गाव दत्तक घेतले होते, हेही नोंदलेले आहे. मग खासदार म्हणून त्यांना किती गुण द्यायचे? उत्तर देणारा कोणता रकाना पाहतो, त्यावर ते ठरते.

खासदाराच्या कामगिरीचा हिशेब मांडायचा कसा, हा वाद आपल्याकडे गेली पंधरा-वीस वर्षे निवडणुकीच्या हंगामात वर येतो आणि निकालानंतर खाली बसतो. त्या वादात आज कोण काय म्हणते, कशाला कशाचा आधार आहे आणि काय अजून सुटलेले नाही, ते या लेखात क्रमाने पाहू.

हे आकडे येतात कुठून

वृत्तपत्रांत किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक प्रगतिपुस्तकांत चार गोष्टी असतात: हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि मांडलेली खासगी विधेयके. हे चारही आकडे मुळात संसदेच्या सचिवालयाच्या नोंदींतून येतात. दिल्लीतील पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही २००५ मध्ये सुरू झालेली संस्था त्या नोंदी खासदारनिहाय लावून ठेवते.

हजेरी म्हणजे हजेरीपटावरची सही. दैनिक भत्ता मिळण्यासाठीही ती लागते. सही करून सदस्य पाच मिनिटांत बाहेर पडला की रात्री उशिरापर्यंत बसला, ते सहीवरून कळत नाही. मंत्री आणि पीठासीन अधिकारी सही करत नाहीत, त्यामुळे त्यांचा हा रकाना कोराच असतो. राज्यघटनेच्या १०१ व्या अनुच्छेदानुसार सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा रिकामी झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते. गैरहजेरीला कायद्याने घातलेली मर्यादा एवढीच.

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यायची आणि कोणाचा प्रश्न लागायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरते. तास सुरू झाला की पाच-सहा तारांकित प्रश्नांपर्यंतच गाडी जाते, उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात. म्हणजे प्रश्नांच्या रकान्यात दिसणाऱ्या आकड्याचा फार मोठा भाग कागदावर विचारलेल्या आणि कागदावरच उत्तर मिळालेल्या प्रश्नांचा असतो.

चर्चांच्या रकान्यात विधेयकावरचे भाषण येते, अर्थसंकल्पावरचे येते, शून्य प्रहरात मांडलेला विषय येतो आणि लोकसभेत नियम ३७७ खाली केलेले छोटे निवेदनही येते. अर्धा तास अभ्यासपूर्ण बोललेल्याची आणि मतदारसंघातल्या गाडीला एक थांबा वाढवून मागणाऱ्याची मोजणी बहुधा एकसारखीच, म्हणजे एक.

खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. त्याच्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात. १९५२ पासून आजवर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली आणि त्यातले शेवटचे १९७० मधले.

थोडा इतिहास

आज एका अधिवेशनात शेकड्यांनी प्रश्न विचारले जातात, पण हा अधिकारच मुळात सहज मिळालेला नाही. कायदेमंडळात प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली. पूरक प्रश्नाची सोय १९०९ मध्ये झाली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरती.

त्या काळी केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले होते. १९०२ मधले त्यांचे पहिले अर्थसंकल्पी भाषण आणि त्यानंतरची जवळजवळ दरवर्षीची भाषणे आजही अभ्यासली जातात. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. आजच्या भाषेत ते खासगी विधेयकच. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षणाचा हक्क घटनेत आला २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आणि त्याचा कायदा झाला २००९ मध्ये. गोखल्यांच्या प्रगतिपुस्तकात आपण काय लिहिले असते? मांडलेली विधेयके एक, मंजूर शून्य.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. त्या काळी खासदाराची कीर्ती तोंडातोंडी आणि वर्तमानपत्रांतून पसरे. राजापूरचे नाथ पै, त्यांच्यामागून त्याच मतदारसंघातून आलेले मधू दंडवते, पुण्यात वाढून बिहारमधून निवडून गेलेले मधू लिमये ही नावे महाराष्ट्राने त्यांच्या भाषणांसाठी आणि नियमांवरच्या पकडीसाठी लक्षात ठेवली. कोणाचे प्रश्न किती, हे तेव्हा कोणी मोजत बसले नव्हते.

मोजणी सुरू झाली ती नोंदी संकेतस्थळावर आल्या तेव्हा. १९८९ मध्ये राष्ट्रपतींचे अभिभाषण दूरदर्शनवर थेट दिसले, नव्वदच्या दशकात प्रश्नोत्तराचा तास दिसू लागला, २००६ मध्ये लोकसभेची स्वतंत्र वाहिनी आली. पीआरएसचे काम याच सुमाराचे. माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या सूचनेवरून चेन्नईच्या प्राइम पॉइंट फाउंडेशनने २०१० मध्ये संसदरत्न पुरस्कार सुरू केले. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदार आणि नगरसेवकांची प्रगतिपुस्तके काढू लागले.

या तिघांच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि पुढच्या वादाचे मूळ तिथेच आहे. पीआरएस आकडे देते आणि शेजारी राज्याची व देशाची सरासरी ठेवते, गुण देत नाही. संसदरत्न कामाच्या बेरजेवरून मानकरी ठरवतो. प्रजा प्रश्नांचा दर्जा, लोकांचे मत, गुन्ह्यांची नोंद अशा अनेक बाबींना वेगवेगळे वजन देऊन शेवटी एक क्रमांक काढते.

पहिली बाजू: आधी मोजा तरी

आकड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे. खासदाराला वेतन, भत्ते, दिल्लीत घर, प्रवास हे सारे जनतेच्या पैशातून मिळते. तो कामाच्या जागी किती दिवस होता एवढे तरी मतदाराला कळायला हवे. गुणवत्ता मोजता येत नाही म्हणून काहीच मोजायचे नाही, असे ठरवले तर फायदा न येणाऱ्यांचाच होतो.

आकडे आल्याने काही गोष्टी बदलल्याही. हजेरीचा विषय आता उमेदवाराला प्रचारात विचारला जातो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर इथल्या खासदारांनी प्रश्नांचा रकाना मनावर घेतला. सोळाव्या लोकसभेत (२०१४ ते २०१९) सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्यांत सुप्रिया सुळे, धनंजय महाडिक अशी महाराष्ट्रातली नावे आघाडीवर होती आणि दोघांचेही आकडे हजारावर गेले. संसदरत्नच्या मानकऱ्यांत सुळे, श्रीरंग बारणे, राजीव सातव, हीना गावित, श्रीकांत शिंदे, अमोल कोल्हे अशी सर्व पक्षांची मंडळी आहेत. पक्ष कोणताही असो, प्रश्न विचारणे हे प्रतिष्ठेचे काम झाले, असे या बाजूचे लोक दाखवून देतात.

शिवाय प्रश्न कागदावरचा असला तरी त्याचे उत्तर हा सरकारी दस्तऐवज असतो. एखाद्या योजनेचा किती निधी खर्च झाला, किती पदे रिकामी आहेत, हे अनेकदा अतारांकित प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्यांदा छापले जाते. पत्रकार आणि अभ्यासक त्यावर वर्षानुवर्षे काम करतात. "यासंबंधीची माहिती गोळा करण्यात येत आहे" असे उत्तर मंत्र्याने दिले तरी ते आश्वासन धरले जाते. ते तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

दुसरी बाजू: आकडा फुगवता येतो

आकड्यांवर शंका घेणारे लोक सुरुवातीला एक प्रश्नच हातात घ्यायला सांगतात. आपणही घेऊ. विषय कांद्याचा आहे असे समजा. रचना ठरलेली असते. (अ) केंद्राने या हंगामात कांदा खरेदी केला आहे काय. (ब) असल्यास राज्यनिहाय तपशील काय. (क) साठवणुकीत किती माल खराब झाला. (ड) नसल्यास त्याची कारणे काय. उत्तरही ठरलेल्या घाटाचे असते: (अ) ते (ड) विवरणपत्र सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येत आहे. खाली दोन पानी तक्ता. यात नाशिकच्या शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा एखादा आकडा सापडेलही. पण हाच साचा विषय बदलून खत, रस्ता, विमानतळ, शिष्यवृत्ती कशालाही लावता येतो. दिल्लीतला एखादा हुशार सहायक आठवड्यात असे पंचवीस प्रश्न तयार करू शकतो.

छापील यादी पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. एकाच विषयाच्या सूचना एकत्र केल्या जातात आणि एका प्रश्नाखाली चार-पाच सदस्यांची नावे येतात. सदस्यनिहाय यादीत तो प्रश्न त्या प्रत्येकाच्या खात्यावर जमा होतो.

प्रश्न नक्की कोणाचा, ही शंका तर सर्वांत जुनी. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन तिचे प्रश्न मांडल्याचा ठपका आला. सभागृहाने त्यांचे वर्तन हकालपट्टीस पात्र ठरवले. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणात पैसे घेऊन प्रश्न विचारताना अकरा खासदार सापडले. त्यातले दोघे महाराष्ट्रातले होते. २३ डिसेंबर २००५ रोजी त्यांची हकालपट्टी झाली आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेने महुआ मोईत्रा यांना काढले. आपल्या खात्याचा पासवर्ड त्यांनी एका उद्योजकाला वापरू दिला, हा आक्षेप त्यामागे होता. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी सतत नाकारला आणि २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. या तीन प्रकरणांची तुलना होऊ शकत नाही, पण प्रश्नाखालच्या नावावरून प्रश्नामागचा माणूस कळतोच असे नाही, एवढे तिन्हींतून निघते.

ब्रिटनचा अनुभवही इथे उपयोगी आहे. तिथे २००४ मध्ये सुरू झालेल्या 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळाने खासदारांची भाषणे आणि प्रश्न मोजून दाखवले. काही वर्षांतच तक्रार आली की काही सदस्य आकडा वाढावा म्हणून एका-दोन वाक्यांची भाषणे करत आहेत. तेव्हापासून तिथे आकड्यांशेजारी अशी सूचना असते की यावरून दर्जा मोजला जात नाही आणि सदस्य इथे न दिसणारी कामेही करत असतात.

उलट उदाहरण आपल्याकडचेच आहे. फिरोज गांधी पहिल्या लोकसभेत आले, पण त्यांचे गाजलेले पहिले भाषण डिसेंबर १९५५ मधले. विषय होता खासगी विमा कंपन्यांतील गैरव्यवहार. पुढच्याच महिन्यात आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. १६ डिसेंबर १९५७ रोजी ते आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा व्यवहारावर बोलले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांच्या आयोगाने त्याची उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. दोन भाषणे आणि इतका परिणाम. आजच्या रकान्यांत ती दोनच भरली असती.

नाथ पै यांचे १९६७ मधले विधेयक याच रांगेतले. गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करण्यासाठी त्यांनी ते खासगी विधेयक म्हणून मांडले. सभागृहात आणि बाहेर त्यावर दीर्घ चर्चा झाली, पण ते मंजूर झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस २४ व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार सरकारने घटनेत लिहिला.

तिसरी बाजू: सभागृहच चालले नाही तर

तिसरा गट म्हणतो की एकेका खासदाराला मोजण्याआधी सभागृह मोजा. सतराव्या लोकसभेच्या (२०१९ ते २०२४) बैठका झाल्या २७४. पूर्ण मुदत चाललेल्या लोकसभांमधला हा नीचांक आहे. पीआरएसच्या नोंदीनुसार या लोकसभेत मंजूर झालेल्या विधेयकांपैकी ३५ टक्क्यांवर लोकसभेत एका तासाहून कमी चर्चा झाली. खासगी विधेयके मांडली गेली ७२९ आणि चर्चेला आली दोन. २०२३ मध्ये सर्व मंत्रालयांच्या अनुदान मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले आणि निलंबित सदस्यांचे प्रश्न यादीतून काढले गेले. त्या दिवसांची गैरहजेरी कोणाच्या नावावर टाकायची?

यावर सत्ताधारी पक्षांचे उत्तरही ठरलेले आहे, मग ते आजचे असोत की कालचे. गोंधळ विरोधक घालतात आणि वेळ त्यामुळे वाया जातो, असे ते म्हणतात. पंधराव्या लोकसभेत (२००९ ते २०१४) ठरलेल्या वेळेपैकी जवळपास ३७ टक्के वेळ गोंधळात गेला, तेव्हा सत्तेत आणि विरोधात आजच्याहून उलटी माणसे होती. विरोधकांच्या मते गोंधळ हे विषय चर्चेला न आल्यावरचे शेवटचे हत्यार असते. बाके बदलली की हे दोन्ही युक्तिवाद जागा बदलतात. आढावा घेणाऱ्याला एवढे नोंदवून पुढे जावे लागते.

बोलण्याची वेळही सदस्याच्या हातात नसते. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो आणि पक्षाकडून कोण बोलणार हे पक्षच ठरवतो. मोठ्या पक्षातल्या पहिल्यांदा आलेल्या खासदाराचा क्रम लागता लागता वेळ संपतो. एकट्या-दुकट्या सदस्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात आणि अध्यक्षांची घंटा वाजते. अशा वेळी लिहून आणलेले भाषण पटलावर ठेवण्याची सोय काही चर्चांत दिली जाते.

सर्वांत मोठी अडचण मतदानाची आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेत खासदाराची परीक्षा त्याने कोणत्या बाजूने मत दिले यावरून होते. जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये नावानिशी झालेल्या मतदानाचा तपशील प्रसिद्ध होतो आणि तिथल्या घटनेच्या ३८ व्या अनुच्छेदाने सदस्याला फक्त आपल्या सदसद्विवेकाशी बांधील ठरवले आहे. तिथेही पक्षशिस्त असतेच, पण मोडणाऱ्याची जागा जात नाही. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, तेव्हा नावानिशी नोंद होतच नाही. मतविभागणी झालीच तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची जागा जाऊ शकते. ज्या कृतीवरून प्रतिनिधी ओळखावा, तीच प्रगतिपुस्तकात नाही. हा कायदा सरकार टिकवण्यापुरता ठेवून इतर मतदानात सदस्याला मोकळे करावे, असे खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी अनेकदा मांडले आहे. कायद्याचे समर्थक आयाराम-गयारामांच्या दिवसांकडे बोट दाखवतात. हा वाद मिटलेला नाही.

चौथी बाजू: गावात काय केले

मतदारसंघात फिरले तर चौथीच कसोटी ऐकू येते. खासदार लग्नाला आला का, दवाखान्याच्या पत्रावर सही दिली का, पुलाचे काम मार्गी लावले का? प्रश्न किती विचारले, हे विचारणारा मतदार क्वचित भेटतो. १९९३ पासूनची खासदार स्थानिक विकास निधी योजना याच अपेक्षेला पोसते. आज तिच्यातून वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. तो निधी किती खर्च झाला, हा काही प्रगतिपुस्तकांतला पाचवा रकाना आहे.

अभ्यासकांत यावर दोन मते आहेत. एक म्हणते की रस्ते-गटारे हे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि आमदारांचे काम. खासदाराने कायदे करावेत आणि सरकारला जाब विचारावा. निधीची योजना कार्यकारी मंडळ आणि कायदेमंडळ यांतली रेघ पुसते. दुसरे म्हणते की वीस लाखांच्या मतदारसंघातला माणूस ज्याच्याकडे जाऊ शकतो असा केंद्र सरकारचा एकमेव चेहरा खासदार असतो. मतदारसंघातल्या तक्रारींतूनच सभागृहात मांडायचे विषय मिळतात, तेव्हा हे काम दुय्यम ठरवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही योजना वैध ठरवली. ती असावी की नसावी, हा राजकीय प्रश्न त्यामुळे संपला नाही.

अजून काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न समित्यांचा. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, आज त्यांची संख्या २४ आहे. सचिवांना समोर बसवून तपशिलात विचारणा करायची जागा हीच, असे जुने संसदपटू सांगतात. पण बैठका बंद दाराआड होतात आणि कोण काय बोलले ते प्रसिद्ध होत नाही. अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात हजर सदस्यांची नावे मात्र छापलेली असतात. ती गोळा करून खासदाराच्या नावापुढे लावता येतील. तरी लोकप्रिय प्रगतिपुस्तकांत हा रकाना दिसत नाही. दरम्यान समित्यांकडे जाणारी विधेयकेच घटली: पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के, सतराव्यात १६ टक्के. बंद दार उघडावे की नको, यावरही एकमत नाही. उघडले तर तिथेही पक्षाची भाषणे सुरू होतील, अशी भीती अनेकांना वाटते.

दुसरा प्रश्न गुणवत्तेचा. प्रश्नाला गुण कोण देणार आणि कोणत्या निकषावर? परीक्षक नेमले की परीक्षकांच्या कलाचा मुद्दा येतो. न नेमले तर कांद्याच्या साच्यातला प्रश्न आणि महिनाभर कागद चाळून काढलेला प्रश्न एकाच तोलाचे ठरतात.

तिसरा प्रश्न उत्तरांचा. प्रश्न मोजले जातात, उत्तरे मोजली जात नाहीत. कोणत्या मंत्रालयाने किती वेळा थेट उत्तर टाळले, किती आश्वासने मुदतीत पुरी केली, याचे खासदाराच्या प्रगतिपुस्तकाइतके गाजलेले पुस्तक मंत्र्यांच्या नावाने निघत नाही. मंत्र्यांचे रकाने कोरे राहतात ते हजेरीपुरतेच नाही.

चौथा प्रश्न भाषेचा आणि साधनांचा. घटनेचा १२० वा अनुच्छेद मातृभाषेत बोलण्याची वाट ठेवतो, पण दुभाष्याची सोय दीर्घकाळ आधी कळवून करून घ्यावी लागे. अलीकडे अनुवादाच्या भाषा वाढवल्या आहेत. खासदाराला संशोधनासाठी मिळणारे मनुष्यबळही तुटपुंजे असते. २०१० पासून पीआरएस दरवर्षी काही तरुणांना खासदारांकडे सहायक म्हणून पाठवते, पण तेवढ्यांनी सगळ्या सभागृहाची गरज भागत नाही. मराठी माध्यमातून शिकून दिल्लीत गेलेला सदस्य आणि मागे सहायकांची फळी असलेला सदस्य यांचे आकडे शेजारी ठेवताना हा फरक धरला जात नाही.

पाचवा प्रश्न काळाचा. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण विषय चर्चेत आला. त्याचे पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. गोखल्यांच्या विधेयकाचेही १९१२ मध्ये सांगता आले नसते. पाच वर्षांचे प्रगतिपुस्तक इतक्या लांबचे पाहू शकत नाही आणि मतदाराला तर पाच वर्षांनीच ठरवायचे असते.

एकूण ताळा

चारही बाजू एकमेकींना खोडत नाहीत. आकडे हवेत, यावर आज गंभीर मतभेद उरलेला नाही. एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये, हे आकडे देणाऱ्या संस्थाही मान्य करतात. वाद आहे तो बेरीज करून क्रमांक लावावा की नाही यावर आणि सभागृहाच्या वेळेचा, पक्षाच्या वाटपाचा, न झालेल्या मतदानाचा दोष एकट्या सदस्याच्या माथी किती मारावा यावर. माझ्या मते चार रकान्यांची बेरीज करणे चूक आहे. हजेरी आणि प्रश्न या वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या बेरजेला काही अर्थ राहत नाही. रकाने वेगवेगळे वाचले, शेजारी राज्याची सरासरी पाहिली आणि समितीतली हजेरी जोडली, तर चित्र बरेच खरे होते.

त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. लोकसभेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराचे नाव टाकले की त्यांचे प्रश्न तारखेवार दिसतात आणि उत्तरांची पानेही उघडतात. पुढच्या वेळी कोणी आकड्यांचा तक्ता पाठवला तर तो पुढे ढकलण्याआधी त्यातले दहा प्रश्न आणि त्यांची दहा उत्तरे वाचून पाहा. तासाभराचे काम आहे.